श्राव्य संहिता आणि मराठीचे अध्यापन

१

मराठी विभागांच्या अभ्यासक्रमांत दृक्श्राव्य माध्यमांना मिळालेले स्थान आजचे नाही. ‘व्यावहारिक मराठी’ आणि पुढे ‘उपयोजित मराठी’ या नावांनी ज्या अभ्यासपत्रिका पदवी व पदव्युत्तर स्तरांवर रुजल्या, त्यांत नभोवाणीसाठी भाषण, श्रुतिका, मुलाखत, जाहिरात आणि माहितीपटाची संहिता हे घटक दीर्घकाळ आहेत. मात्र त्यांचे अध्यापन आणि मूल्यमापन बहुतेक ठिकाणी कागदावरच होत आले. श्रुतिका लिहिली गेली, पण ऐकली गेली नाही. मुलाखतीचे प्रश्न तयार झाले, पण समोर उत्तर देणारा माणूस कधी बसला नाही. ‘दार वाजल्याचा आवाज’, ‘पार्श्वसंगीत मंदावते’ अशा कंसातील सूचना लिहिता आल्या की विद्यार्थ्याला माध्यमाचे भान आले, असे मानण्याची रीत पडून गेली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर ही स्थिती बदलू लागली आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत पदवी स्तरावर २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून नवी श्रेयांकपद्धती आली आणि कौशल्याधिष्ठित अभ्यासपत्रिका देणे प्रत्येक विषयाला भाग पडले. साहित्यासारख्या विषयाने ‘कौशल्य’ म्हणून काय द्यावे, या प्रश्नाला सर्वांत सोयीचे वाटलेले उत्तर म्हणजे माध्यमे. ध्वनिमुद्रण, पॉडकास्ट, लघुपट, निवेदन अशी नावे अभ्यासमंडळांच्या कागदपत्रांत दिसू लागली ती त्यामुळे. डिजिटल साधनांनी ती शक्यताही जवळ आणली. एकेकाळी आकाशवाणीच्या ध्वनिगृहाबाहेर जे करता येत नव्हते, ते आज महाविद्यालयाच्या एखाद्या बंद खोलीत थोड्या खर्चात करता येते.

या बदलाला मराठीच्या अध्यापकवर्गातून दोन प्रतिक्रिया उमटतात. पहिली नकाराची आहे. ध्वनिचित्रनिर्मिती हे तंत्रज्ञाचे काम, साहित्याच्या अभ्यासकाने त्यात पडू नये, पडल्यास विषय पातळ होईल, असे तिचे म्हणणे असते. दुसरी प्रतिक्रिया उत्साही स्वीकाराची. विद्यार्थ्याला रोजगार मिळतो, वर्ग भरतात, विभाग टिकतो. मग यंत्र कसे चालवावे हे शिकविण्यास हरकत कोणती, असा तिचा युक्तिवाद असतो. वरवर या भूमिका परस्परविरोधी वाटतात, पण दोहोंच्या मुळाशी गृहीतक एकच आहे. ध्वनिमुद्रण आणि संकलन हे निव्वळ तंत्र आहे, वाङ्मयीन अभ्यासाचा त्याच्याशी आतून संबंध नाही, असे दोन्ही पक्ष मानतात. हे गृहीतकच तपासण्याजोगे आहे. बोललेला किंवा गायलेला शब्द मुद्रित करणे, तो ऐकणे, लिहून काढणे, त्यातील काय ठेवावे आणि काय गाळावे हे ठरविणे ही सारी संहितानिर्मितीची आणि संहिताचिकित्सेची कामे आहेत. ती मराठी विभागाच्या कक्षेत मूळचीच येतात. ती तेथे शिकविली गेली नाहीत तर हानी केवळ विभागाची होणार नाही. ज्या बोली आणि ज्या मौखिक रचना अजून कोणाच्या तरी कंठात आहेत, त्यांचीही होईल.

२

विसाव्या शतकातील मराठी साहित्याचा व्यवहार छापखान्याइतकाच ध्वनिगृहातूनही झाला आहे. १९२७ मध्ये मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि १९५३ मध्ये पुण्याला आकाशवाणीचे केंद्र मिळाले. पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर, मंगेश पाडगावकर यांच्यासारख्या लेखकांनी आयुष्यातील कमीअधिक काळ या माध्यमात नोकरी केली. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’चे प्रसारण सुरू झाले आणि ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते सुधीर फडके यांच्या संगीतासह आठवड्यामागून आठवडा श्रोत्यांपर्यंत पोचत राहिली. या रचनेचा पहिला वाचक हा वाचक नव्हताच. तो श्रोता होता. आठवड्याची मुदत, प्रसारणाची मर्यादित वेळ, गाणाऱ्या कंठाचा पल्ला, वाद्यमेळाची जागा या सर्व गोष्टी तिच्या घडणीत सामील होत्या. तरीही ‘गीतरामायणा’चा वाङ्मयीन विचार करताना हाती घेतली जाते ती बहुधा छापील प्रत. ध्वनिगृहाची अट आणि गीताची रचना यांचा संबंध शोधणारे अभ्यास त्या मानाने तुरळकच आढळतात.

शिक्षणाच्या क्षेत्रात या दोन व्यवहारांची फारकत अधिक ठळक झाली. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या वास्तूत १९६० मध्ये चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथे ध्वनिमुद्रण, संकलन, छायालेखन यांना स्वतंत्र विद्याशाखांचा दर्जा मिळाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ मध्ये दूरदर्शनवरून उच्चशिक्षणाचे कार्यक्रम सुरू केले आणि त्यांच्या निर्मितीसाठी काही विद्यापीठांत माध्यमकेंद्रे उभी राहिली. पुणे विद्यापीठ हे त्यांपैकी एक. डिसेंबर २००२ मध्ये केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांना सामुदायिक नभोवाणी चालविण्याची मुभा दिली, त्यानंतर पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ही सुरू झाली. याच सुमारास मुंबई विद्यापीठात जनसंपर्क माध्यमांची स्वतंत्र पदवी आली. ही सारी केंद्रे उपयुक्त ठरली, यात वाद नाही. पण ती उभी राहिली ती बहुधा मराठी विभागाच्या भिंतीपलीकडे. एका बाजूला यंत्र हाताळता येते पण बोलीतील रूपभेद ओळखता येत नाही असा विद्यार्थी, आणि दुसऱ्या बाजूला ध्वनिविचार पाठ आहे पण ध्वनी कधी मुद्रित केलेला नाही असा विद्यार्थी. ही विभागणी या फारकतीतून आली.

३

ध्वनिमुद्रण मराठीच्या अभ्यासकाला का आवश्यक आहे, याचे पहिले उत्तर देवनागरी लिपीतच सापडते. मराठीत च, ज, झ या वर्णांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार आहेत, परंतु लिपी त्यांच्यासाठी एकच चिन्ह वापरते. वार्धक्य या अर्थी ‘जरा’ आणि थोडे या अर्थी ‘जरा’, विश्व या अर्थी ‘जग’ आणि जगणे या क्रियापदाच्या आज्ञार्थातील ‘जग’ हे शब्द कागदावर एकरूप दिसतात. कानाला ते भिन्न आहेत. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’ होतो, हे लिहून दाखविता येते. पण त्या ‘य’ची नेमकी जात, आधीच्या स्वराची लांबी, वाक्याच्या शेवटी आवाजाला पडणारा हेल लिपीत उतरत नाही. बोलीभाषेतील कादंबरीचे विवेचन करताना ‘बोलीचा जिवंत वापर’ हा शेरा सर्रास मारला जातो. ज्याने ती बोली ऐकलेली नाही त्याच्या लेखी या शेऱ्याला काय अर्थ उरतो, हे सहसा विचारले जात नाही.

ग्रीअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुद्रित नमुने अपुरे पडतात हे त्या सर्वेक्षणाच्या काळातच उमगले होते, म्हणूनच विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकांत भारतीय भाषांचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेण्यात आले. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी हाती घेतलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातही ध्वनिमुद्रणाला मध्यवर्ती स्थान आहे. भाषाविज्ञानाने शंभर वर्षांपूर्वी जे मान्य केले, ते साहित्याच्या अध्यापनाने अद्याप पुरते स्वीकारलेले नाही.

मात्र ध्वनिमुद्रण झाले म्हणजे ध्वनी जसाच्या तसा हाती आला, असेही नव्हे. येथेच तंत्र आणि चिकित्सा एकत्र येतात. डिजिटल ध्वनिमुद्रणात सलग ध्वनिलहरीचे ठरावीक अंतराने नमुने घेतले जातात. ध्वनितबकडीच्या, म्हणजे सीडीच्या, प्रमाणानुसार एका सेकंदात ४४,१०० नमुने घेतले जातात, कारण माणसाला ऐकू येणारी कमाल वारंवारता सुमारे २०,००० हर्ट्झ आहे आणि तिच्या दुपटीहून अधिक नमुने घेतल्याखेरीज ती लहर पुन्हा उभी करता येत नाही. या दर्जाच्या दुपदरी, म्हणजे स्टिरिओ, ध्वनीला मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट जागा लागते. तोच ध्वनी १२८ किलोबिटच्या एमपीथ्री स्वरूपात साठविला तर जेमतेम एक मेगाबाइट पुरते. उरलेले गेले कोठे? कानाला जाणवणार नाही असे जे गणिताने ठरविले, ते वगळले गेले. सहज ऐकण्यासाठी ही काटकसर चालते. उच्चारांच्या सूक्ष्म अभ्यासासाठी ती चालेलच असे नाही, आणि एकदा वगळलेले परत आणता येत नाही. मूळ मुद्रण असंकुचित स्वरूपात जपावे आणि प्रसारणासाठी संकुचित प्रत काढावी, हा नियम वरवर तांत्रिक दिसतो. हस्तलिखिताच्या अभ्यासकाला मात्र तो परिचयाचा वाटावा. मूळ पोथी बस्त्यात, नक्कल हातात, हीच ती शिस्त.

याहून बोलके उदाहरण ओवीचे आहे. संकलनाच्या बहुतेक संगणकप्रणालींत नको असलेला आवाज कमी करण्याची सोय असते. तिची रीत साधी आहे. मुद्रणात सातत्याने येत राहणारा, फारसा न बदलणारा आवाज ती ‘गोंगाट’ म्हणून ओळखते आणि तो वजा करते. पंखा किंवा वीजयंत्राची गुणगुण घालविण्यासाठी हे उत्तम आहे. पण दळताना गायलेल्या ओवीत सातत्याने येणारा आवाज जात्याचा असतो. यंत्राच्या लेखी जात्याची घरघर आणि पंख्याची घरघर यांत भेद नाही. ज्या विद्यार्थ्याला ओवीची लय जात्याच्या फेऱ्याशी बांधलेली असते हे ठाऊक नाही, तो एका कळीसरशी ती घरघर काढून टाकील, आणि ‘स्वच्छ’ आवाज मिळाल्याचे समाधान मानील. हाती उरेल ती कोठेही, केव्हाही गायलेली ओवी. निर्णय यंत्राचा वाटतो, पण तो वाङ्मयीन निर्णय आहे; आणि तो घेण्याचे ज्ञान लोकसाहित्याच्या वर्गात मिळते, यंत्राच्या माहितीपुस्तिकेत नाही.

४

मराठीत छापील ग्रंथाच्या बाबतीत ‘संपादन’ आणि चित्रपटाच्या बाबतीत ‘संकलन’ असे दोन शब्द रूढ झाले. या शब्दभेदामुळे दोन्ही क्रियांतील आप्तपणा झाकला गेला असावा. वस्तुतः दोहोंतही अनेक शक्य पाठांतून एक पाठ निवडला जातो, आणि त्या निवडीमागे अर्थाविषयीची काही धारणा असते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि पाठात भर घालणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत बजावून ठेवले, ही गोष्ट मराठीचा प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थी शिकतो. प्रक्षेप, गळती, पाठभेद, लेखनिकाचे प्रमाद या संज्ञा त्याला परीक्षेपुरत्या का होईना ठाऊक असतात. ध्वनिफितीवर काम करताना त्याच संज्ञा हाताशी असाव्यात, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

एक कल्पित पण अगदी संभाव्य प्रसंग घेता येईल. एखाद्या वृद्ध पोतराजाची वा वासुदेवाची चाळीस मिनिटांची मुलाखत विद्यार्थ्याने मुद्रित केली आहे आणि प्रसारणासाठी चार मिनिटे हवी आहेत. छत्तीस मिनिटे गाळावयाची. पहिल्या झटक्यात जातात ते अडखळणे, पुनरुक्ती, खोकला आणि गप्प राहणे. मग जातात विद्यार्थ्याचे स्वतःचे प्रश्न. उरलेले बोलणे असे सलग ऐकू येते, की जणू त्या माणसाने न विचारता, न थांबता आपली कहाणी सांगितली. यात खोटे एकही वाक्य नाही, तरी चित्र मात्र बदलले आहे. पुनरुक्ती हा मौखिक रचनेचा दोष नसून तिचा आधार आहे. सांगणारा पुढील ओळ आठवीपर्यंत मागली ओळ घोळवितो. जातीचा, भिक्षेचा उल्लेख येताच तो क्षणभर गप्प राहिला असेल, तर ती शांतता हे त्याचे उत्तरच होते. आणि प्रश्न गाळल्यामुळे, कोणते बोलणे त्याने आपण होऊन सुरू केले आणि कोणते त्याच्याकडून वदवून घेतले, हे ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्ग उरला नाही.

यावरून संकलन करूच नये, असे निष्पन्न होत नाही. चार मिनिटांचा कार्यक्रमही हवाच, कारण चाळीस मिनिटे ऐकणारा श्रोता विरळा. म्हणणे इतकेच की विद्यार्थ्याने जे गाळले त्याची नोंद ठेवली पाहिजे आणि गाळण्याचे कारण त्याला सांगता आले पाहिजे. चिकित्सक आवृत्तीत पाठभेद तळटीपेत जातात, नाहीसे होत नाहीत. ध्वनिसंहितेचा संपादकही त्याच बंधनाने बांधलेला असावा.

चित्रीकरणाच्या बाबतीत हे बंधन अधिक गुंतागुंतीचे होते. कॅमेरा कोठे ठेवला आहे यावर कीर्तनकाराचे कीर्तन निव्वळ त्याच्या मुद्रेचे होते की श्रोत्यांच्या प्रतिसादासह उभे राहते, हे ठरते. कथनमीमांसेत ‘निवेदकाचे स्थान’ आणि ‘दृष्टिबिंदू’ या संकल्पना वर्षानुवर्षे शिकविल्या जातात. कॅमेरा हातात घेतलेल्या विद्यार्थ्याला त्या संकल्पना शरीराने कळतात: तो उभा आहे तेथूनच दिसते, आणि जे त्याच्या पाठीशी आहे ते कथनात येत नाही. चित्रपटाखालील शब्दपट्टीचेही असेच. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटांनी सोलापूर-नगरकडची बोली उभ्या महाराष्ट्राला ऐकविली. अशा बोलीतील संवादाखाली मराठीच शब्दपट्टी द्यावयाची झाल्यास ती बोलीत द्यावी की प्रमाण भाषेत, हा प्रश्न भाषांतराच्या कोणत्याही प्रश्नाइतकाच कठीण आहे. बोलण्याचे आपोआप लेखन करणाऱ्या आजच्या संगणकीय सोयी या प्रश्नाला परस्पर उत्तर देऊन टाकतात. बोलीतील रूपाच्या जागी प्रमाण रूप बसविण्याकडे त्यांचा कल असतो. त्यांनी दिलेला मजकूर कानाने पडताळणारा मराठीचा जाणकार नसेल, तर लेखनिकाचे प्रमाद शोधण्याची विद्या जेथे सर्वाधिक उपयोगी पडली असती तेथेच ती गैरहजर राहील.

५

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप टाळण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप साधनांचा आहे. तो पूर्वीइतका सबळ उरलेला नाही, पण निराधारही नाही. ग्रामीण महाविद्यालयात रिकामी, शांत खोली मिळणे हीच अडचण असते. विजेची खात्री नसते. मोबाइलवर मुद्रण करता येते, तथापि बरेचसे मोबाइल आवाजाची पातळी आपोआप समान करतात आणि मागचा आवाज आपोआप दाबतात. परिणामी कुजबूज आणि हाक यांतील अंतर पुसले जाते. असे असले तरी चांगल्या मुद्रणाचे पहिले नियम यंत्राचे नसून ऐकण्याचे आहेत. माईक बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ असावा, खिडकी बंद असावी, मुद्रण करताना हेडफोन कानाला असावा, सुरुवातीला स्थळ, दिनांक आणि बोलणाऱ्याची संमती यांचा उच्चार व्हावा, बोलणे थांबल्यावर त्या जागेची शांतताही अर्धा मिनिट मुद्रित करावी. यांतील एकही गोष्ट पैशाने विकत घ्यावी लागत नाही.

दुसरा आक्षेप अध्यापकाच्या तयारीचा. ज्याने कधी संकलन केले नाही त्याने ते शिकवावे कसे? हा आक्षेप प्रामाणिक आहे. चित्रपटसंस्थेत जे शिकावयास वर्षे लागतात, ते दोन श्रेयांकांत शिकविण्याचा आव मराठी विभागाने आणणे ही फसवणूकच होईल. दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिक अभ्यासपत्रिकेला साठ तास मिळतात. साठ तासांत ध्वनितंत्रज्ञ घडत नाही. साठ तासांत एक तासाचे मुद्रण नीट ऐकणारा विद्यार्थी मात्र घडू शकतो, आणि मराठी विभागाने आपले उद्दिष्ट इतकेच ठेवावे. प्रत्येक विद्यार्थ्याने एका व्यक्तीचे सुमारे एक तासाचे बोलणे वा गाणे मुद्रित करावे. त्याचे शब्दशः लेखन करावे, ज्यात विराम, पुनरुक्ती आणि बोलीतील उच्चार यांना जागा असेल. त्यातून पाच मिनिटांची दोन भिन्न संकलने करावीत. आणि दोहोंतील निवडींचे समर्थन करणारे टिपण लिहावे. यांतील तांत्रिक भागासाठी माध्यमविभागाचे वा बाहेरच्या जाणकाराचे साहाय्य घ्यावे. लेखन, पाठचिकित्सा आणि टिपण यांचे मार्गदर्शन मराठीचा अध्यापकच करू शकतो. एक संकलन पुरेसे का नाही, हेही स्पष्ट आहे. एकाच मुद्रणातून दोन वेगळ्या गोष्टी उभ्या राहतात हे स्वतःच्या हाताने अनुभवल्यावर ‘अर्थनिर्णयन’ ही संज्ञा विद्यार्थ्याला पुन्हा समजावून द्यावी लागत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. कौशल्याच्या नावाखाली कथा, कविता, समीक्षा यांचे तास कमी होतील आणि विभाग स्वस्त दरातील निर्मितीगृह बनतील, अशी ती भीती आहे. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण आणि संस्थेच्या जाहिरातपटाचे निवेदन ही कामे ‘प्रात्यक्षिक’ म्हणून विद्यार्थ्यांकडून करून घेतली जाऊ लागली, तर ती भीती खरी ठरेल. म्हणूनच ही अभ्यासपत्रिका कोणत्या आशयावर उभी आहे याचा आग्रह अभ्यासमंडळांनी धरला पाहिजे. आशय बोलींचा, लोकसाहित्याचा, स्थानिक लेखक-वाचकांच्या आठवणींचा, नाट्यवाचनाचा असेल, तर विषय पातळ होत नाही. उलट लोकसाहित्य आणि भाषाविज्ञान या अभ्यासपत्रिकांना आजवर न मिळालेली प्रयोगशाळा मिळते. रोजगाराचा प्रश्नही याच वाटेने अधिक चांगला सुटतो. श्राव्य पुस्तके, ध्वनिभाषांतर, शब्दपट्टीलेखन या क्षेत्रांत यंत्र चालविणारे पुष्कळ मिळतात. कोणता ‘ज’ कोठे उच्चारावा हे सांगणारे मिळत नाहीत.

उरतो मूल्यमापनाचा प्रश्न. प्रात्यक्षिकाच्या नावाखाली पुन्हा मळसूत्री तारेने बांधलेला, एकमेकांचा पाहून उतरविलेला प्रकल्प गोळा होणार असेल तर सारा खटाटोप व्यर्थ आहे. परीक्षकाने मुद्रण ऐकले पाहिजे, आणि लेखनातील कोणताही अर्धा मिनिट निवडून तो मुद्रणाशी ताडून पाहिला पाहिजे. यास वेळ लागतो. तो वेळ कार्यभारात धरला जात नसेल तर तो धरला जावा, ही मागणी विद्यापीठांकडे एकमुखाने करण्याजोगी आहे.

६

शेवटी दोन जबाबदाऱ्यांचा उल्लेख केल्याखेरीज हा विचार पुरा होत नाही. पहिली जबाबदारी ज्याचा आवाज घेतला त्याच्याविषयीची. लोकसाहित्याच्या अनेक संग्रहांत गाणाऱ्यांची नावे नाहीत. ‘स्त्रीगीते’ या एका शब्दात शेकडो स्त्रिया मावल्या. भारतीय प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क मान्य झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्ता म्हणून ओळखले जाण्याचा आणि आपल्या सादरीकरणाच्या विकृतीला हरकत घेण्याचा नैतिक हक्कही त्यात आला. ओवी परंपरेची असली तरी ती गाणारी बाई कायद्याच्या दृष्टीनेही सादरकर्ती आहे. तिची संमती कोणत्या उपयोगासाठी घेतली, तिला मुद्रण परत ऐकविले का, तिने नको म्हटलेला भाग काढला का, हे प्रश्न विद्यार्थ्याच्या टिपणात असलेच पाहिजेत.

दुसरी जबाबदारी जतनाची. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जमविलेल्या जात्यावरील ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांतील ध्वनिमुद्रित भाग त्या मानाने लहान आहे. गाणारीच्या नावागावासह केलेल्या काटेकोर नोंदींमुळेच हे धन २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर पुन्हा लोकांपुढे येऊ शकले. याच्या उलट उदाहरण ‘आलम आरा’चे. १९३१ मध्ये मुंबईत प्रदर्शित झालेल्या भारतातील या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ज्या चित्रपटाची ख्याती तो बोलला म्हणून, त्याचाच आवाज ऐकावयास मिळत नाही. डिजिटल फिती आपोआप टिकतात हा समज घातक आहे. विद्यार्थ्याच्या मोबाइलमधील मुद्रण मोबाइलबरोबर जाते. नोंद नसलेली फीत असून नसल्यासारखी असते. प्रत्येक मराठी विभागाने ग्रंथालयाच्या साहाय्याने एक ध्वनिसंग्रह उघडावा, त्यात प्रत्येक मुद्रणाची मूळ प्रत, लेखन आणि नोंदपत्र ठेवावे, आणि दोन वेगळ्या ठिकाणी त्याच्या प्रती असाव्यात. चोवीस बिट आणि ४८,००० नमुन्यांच्या एकपदरी मुद्रणाला तासाला सुमारे पाचशे मेगाबाइट लागतात. म्हणजे चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गाचे वर्षाचे काम वीस-एकवीस गिगाबाइटमध्ये मावते. जागेची सबब यापुढे सांगता येणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यासाठीचे पुरावे शिलालेखांतून, ताम्रपटांतून, पोथ्यांतून आले. म्हणजे ज्यांनी त्या त्या काळी बोलणे टिकाऊ द्रव्यावर उतरविले त्यांच्याकडून आले. आजच्या मराठीचे टिकाऊ द्रव्य कागदाबरोबर ध्वनीही आहे. राज्यातल्या शेकडो महाविद्यालयांतून दरवर्षी मराठी घेणारे विद्यार्थी आपापल्या गावी परत जातात. गावात त्यांच्या आज्या आहेत, भजनी मंडळे आहेत, गोंधळी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. त्या प्रत्येकाच्या हाती मुद्रणाचे साधन आज आहेच. ते केव्हा चालू करावे, काय विचारावे, कोठे गप्प बसावे आणि ऐकलेले कसे जपावे, एवढे शिकविणे मराठी विभागाच्या आवाक्यातले आहे. इतर कोणताही विभाग ते त्याच्या वतीने करणार नाही.